हळदीतलं सेल्वीचं गाणं

माझ्या भावाच्या, हरेशदादाच्या बेंजो पार्टीत गाण्याचं आयुष्य एका लग्नसराईचं असायचं. तुळशीची लग्नं लागली की नवी गाणी बसवायची आणि पाऊस तोंडावर आला की ती सोडून द्यायची. पुढच्या वर्षी तीच वाजवली तर लोक तोंडावर सांगायचे, हरेशकडे यंदा काही नवीन नाही. हिंदी सिनेमातली भलीभली गाणी आमच्या अंगणात अशी सहा महिन्यांत जुनी झालेली मी पाहिली आहेत. एक गाणं मात्र टिकलं. ते तमिळ सिनेमातलं होतं, त्यातला एक शब्द गावात कुणाला कळत नव्हता, आणि ते आजही वाजतं. कोपरखैरणे, घणसोली, दिवा, कुठल्याही गावठाणात जा आणि हळदीचा मांडव शोधा. पहिली पंगत उठायच्या आत ते कानावर पडणार. बेंजो कमी झाले, डीजे आले, तरी ते आहेच. भाचरं मला सांगतात, आत्या, हे तर आपलंच गाणं हाय, आगऱ्यांचं. मी मान हलवते आणि पुढचं काम करायला लागते. ते कुठून आलं हे सांगायचं म्हणजे माझं एक वागणं सांगावं लागतं, आणि ते मी माझ्या नवऱ्यालाही आजवर सांगितलेलं नाही. साठी जवळ आली, आता लिहून टाकते.

आमची शेतं नव्या शहरासाठी गेली तेव्हा मी लहान होते. गावठाणातलं घर आणि मागची मोकळी जागा तेवढी उरली. बाबांनी त्या जागेवर आठ खोल्यांची चाळ बांधली आणि भाडेकरू ठेवले. शेतकऱ्याला रिकामं बसता येत नाही, त्यामुळे बाबा रोज सकाळी पाईप धरून चाळीच्या भिंतींना पाणी मारायचे. प्लास्टर वाळून चार वर्षं झाली तरी त्यांचं पाणी मारणं चालूच. खोल्यांतून तुर्भ्याला, महाप्याला कंपनीत जाणारी माणसं राहत होती. पहाटे भोंगा झाला की आठही दारांच्या कड्या वाजायच्या, मग नळावर बादल्या, मग स्टोव्हची फरफर, आणि सगळ्यांत शेवटी दादाच्या बेंजोची बटणं. बेंजोला करंट जोडलेला नसला की त्यातून सूर येत नाही, नुसती टकटक येते. दादा अंगणातल्या बाजेवर बसून तासन्‌तास ती टकटक करायचा आणि आई म्हणायची, "याला पन कंपनीत धाडा गो कुनीतरी, चाळभर उंदीर झाल्यासारखं वाटतंय."

तिसऱ्या खोलीत शांताबाई राहायच्या, परभणीकडच्या. चौथ्या खोलीत सेल्वी. तिचे वडील महाप्याला प्लॅस्टिकची बुचं बनवणाऱ्या कारखान्यात होते. त्यांना सगळी चाळ अण्णा म्हणायची आणि तिच्या आईला अम्मा. सेल्वी दहा वर्षांची होईपर्यंत गावाकडे आजीपाशी वाढली होती, कारण तोवर अण्णा-अम्मांना इथे स्वतःची खोलीच नव्हती. आजीला ती आच्ची म्हणायची. आमच्या चाळीत आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं, पण अण्णांनी जवळची म्हणून मराठी शाळेत घातलं आणि ती माझ्या बाकावर येऊन बसली. पहिले सहा महिने ती फक्त मान हलवायची. सातव्या महिन्यात ती बाईंना म्हणाली, "ही वंदी माझा खोडरबर देत नाय," आणि त्या दिवसापासून जी बोलायला लागली ती थांबलीच नाही.

आमच्याकडे तांदूळ आणि त्यांच्याकडेही तांदूळच. आई भाकऱ्या थापायची, अम्मा इडल्या लावायची, आणि ताटल्या अंगण ओलांडून जायच्या-यायच्या. एकदा आईने खाडीतली निवटी पाठवली. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारी बोटभर मासळी. ती साफ करणं हे आमच्या बायकांचं खास काम. अम्माने ती चिंचेच्या घट्ट कोळात केली आणि वाटीभर परत पाठवली. बाबांनी ती वाटी बोटाने पुसून खाल्ली. आई दोन दिवस घुश्शात होती. तिसऱ्या दिवशी ती अम्माच्या खोलीत जाऊन, भाषा येत नसताना, किती चिंच घालायची ते मोजून शिकून आली. ते कालवण आमच्या घरात अजून होतं आणि त्याला आम्ही अम्माचं कालवण म्हणतो. माझ्या सुनेला वाटतं, अम्मा म्हणजे माझी कुणी आजेसासू असेल.

आमची बारावी झाली त्या वर्षी सेल्वीचा मामा गावाहून आला. त्याने मुरुक्क्यांचा, म्हणजे त्यांच्याकडच्या चकल्यांचा डबा आणि एक कॅसेट आणली. त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला पहिलंच ते गाणं होतं. सुरुवातीला नुसता ताल, मग एक बाई हसल्यासारखी गायला लागते, मग सगळं एकदम सुटतं. चौथ्या खोलीतून ते पहिल्यांदा आलं तेव्हा दादा दाढी करत होता. तो अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून अंगणात आला आणि खिडकीपाशी उभा राहिला. संपल्यावर म्हणाला, "सेल्वे, परत लाव." तिने ते त्या दिवशी सहा वेळा लावलं.

मी तिला अर्थ विचारला. तिने खांदे उडवले. "काय नाय गं. ती बोलते, तू थांब, मी येते. तो बोलतो, लवकर ये. बस, एवढंच."

बेंजोवर गाण्याला शब्द लागत नाहीत, ही दादाची सोय. तो बाजेवर बसून सूर शोधायला लागला. सेल्वी आपल्या खिडकीत तांदूळ निवडत बसायची, आणि दादाचा सूर चुकला की जिभेने 'चक्' असा आवाज करायची. नुसतं चक्. दादा मागे जायचा, दुसरं बटण दाबायचा, परत चक्. बरोबर आलं की खिडकीत शांतता. असं महिनाभर चाललं आणि गाणं बसलं. मला पुढे कितीतरी जणींनी डोळे मिचकावत विचारलं आहे की दादाचं आणि तिचं काही होतं का. मला तरी तसं दिसलं नाही. दोघांना ते गाणं पुरत होतं. मला मात्र तेव्हा थोडा मत्सर वाटायचा, कारण मला सूर चुकलेला कळायचाच नाही.

नाच आम्ही दोघींनी बसवला. पाण्याच्या टाकीवर स्लॅब होता, त्याच्यावर. सिनेमा आम्ही पाहिलेला नव्हता, त्यामुळे पडद्यावर कोण कसं नाचतं ते ठाऊक नव्हतं आणि सगळं मनानेच करायचं होतं. गाण्याच्या मधोमध एक जागा येते, तिथे बाई थांबते आणि नुसता ताल राहतो. तिथे काय करावं ते मला सुचेना. सेल्वी म्हणाली, "इकडे आच्चीचं घालू." तिच्या गावाला देवीच्या जत्रेत बायका गोल करून टाळ्या देत नाचतात, त्यात तिची आच्ची पुढे असायची. कमरेतून वाकायचं, टाळी अगदी जमिनीपाशी द्यायची, मग अर्धं वळून डोक्यावर दुसरी टाळी, आणि तीन पावलं मागे. मी पहिल्यांदा गुडघ्यापाशीच टाळी वाजवली. सेल्वीने माझी मान धरून खाली दाबली. "आच्चीला हे चालत नाय. ती बोलते, जमिनीला ऐकू आलं पाहिजे." सत्तरीची बाई एवढी खाली वाकते, म्हणाली, आणि तुला काय झालंय. दरवेळी ती जागा आली की ती आच्चीसारखं तोंड करायची, ओठ आत घेऊन, आणि आम्ही हसून हसून स्लॅबवर बसायचो. त्या उन्हाळ्यात आम्ही किती हसलो.

हे सगळं चाललं होतं मंगलताईच्या हळदीसाठी. ताईचं लग्न ठरलं होतं आणि दादाने जाहीर केलं होतं की बहिणीच्या हळदीला तो असं काही वाजवणार आहे जे ठाण्यापासून बेलापूरपर्यंत कुणी ऐकलेलं नाही. गावात बातमी झाली होती. पोरी मला विचारायच्या, आम्हाला दाखव ना. आम्ही कुणाला दाखवलं नाही.

आमच्याकडच्या हळदीची रीत सांगायला हवी. आधी धवलारीण येते. ती आमच्या लग्नातली गाणी म्हणणारी बाई. भटजीच्या आधी तिचा मान. तिची गाणी होईपर्यंत बेंजोवाल्यांनी तोंड उघडायचं नाही. नवरीला चौरंगावर बसवून हळद लावतात, आणि मग उरलेल्या हळदीचे हात घेऊन करवली, म्हणजे नवरीची धाकटी बहीण, मांडवात फिरते. ती ज्याच्या मनगटाला हळद लावेल त्याने उठून नाचायचं. म्हातारा असो, व्याही असो, पोलीसपाटील असो. नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणं म्हणजे नवरीचं वाईट चिंतणं. त्या दिवशी करवली मी होते, आणि हळदीचे दोन्ही हात पसरून मांडवात फिरताना मला आपण कुणीतरी मोठं असल्यासारखं वाटत होतं.

दिवेलागण झाली होती. दादाने गाण्याची सुरुवात वाजवली आणि मी सेल्वीकडे पाहिलं. ठरल्याप्रमाणे तिने माझ्याबरोबर मध्ये यायचं होतं. ती बायकांच्या मागे, मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. रोजचाच पंजाबी ड्रेस, वेणीत फूल नाही. आम्ही दोघींनी एका ताग्यातल्या हिरव्या साड्या घेतल्या होत्या, मी माझी नेसले होते. मी तिला खूण केली. तिने मान हलवून नाही म्हटलं.

दादाने सुरुवात परत वाजवली. लोक माझ्याकडे बघायला लागले. मी तिच्यापाशी गेले.

"साडी कुठंय?"

"नाय नेसले. तू नाच. मी बघते."

"उठ."

"वंदे, आज नको ना. मला हळद पण लावू नको." आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

महिनाभर वाट पाहिलेली, सगळं गाव बघतंय, दादाने तिसऱ्यांदा सुरुवात वाजवली, ढोलवाला हसला. मला वाटलं ती मला चारचौघांत पाडतेय. मी तेव्हा जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण सुधारून लिहायचं असेल तर लिहायचं कशाला. मी म्हणाले, "माज आलाय काय गो तुला? आमच्या खोलीत राहतंस, आमचं पानी पितंस, नि आमच्याच हलदीला उठत नाय?" मी तिचा हात पाठीमागून ओढून काढला आणि मनगटाला सगळीकडून हळद फासली.

तिने मनगटाकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, ओढणी कमरेला बांधली आणि माझ्यासोबत मध्ये आली.

ती त्या दिवशी जशी नाचली तसं मी परत कुणाला नाचताना पाहिलेलं नाही. पाय तालात, मान ताठ, चेहऱ्यावर काही नाही. चौरंगावरून ताईने तिला हाक मारून हात पुढे केला, तर ती नाचत नाचतच लांब गेली. मला त्याचाही राग आला. मग ती जागा आली. आम्ही दोघी वाकलो. मी टाळी देऊन वर आले, ती खालीच राहिली. तिने जमिनीपाशी टाळी दिली, मग अजून एक, मग अजून एक. आच्चीसारखं तोंड तिने केलं नाही. दादाने हुशारीने ताल लांबवला आणि लोकांना वाटलं हे असंच बसवलंय. शिट्ट्या वाजल्या. बायका उठल्या, आमच्या मागे गोल झाला, सगळ्या वाकून टाळ्या द्यायला लागल्या. दादाला ते गाणं त्या संध्याकाळी पाच वेळा वाजवावं लागलं. पहिल्यांदा संपलं तेव्हाच सेल्वी निघाली. आई म्हणाली, "जेवून जा गो." ती म्हणाली, "अम्मा एकटी आहे." मी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न. वऱ्हाड, पंगती, ताईची पाठवणी, रडणं. चौथ्या खोलीला कुलूप आहे हे माझ्या लक्षात आलं तिसऱ्या दिवशी, तेही शांताबाई किल्ली घेऊन आईकडे आल्या म्हणून. आई ओसरीत उरलेले वडे डब्यात भरत होती.

"मालकीणबाई, किल्ली ठेवा ही. अण्णा देऊन गेलेत. लग्नाच्या दिशी उजाडायच्या आधीच निघाले ते."

"असं कनाला गेले? लगीन पन नाय बघितलं?"

शांताबाईंनी पदर तोंडाला लावला. "कसं बघत्याल. हळदीच्या दिशी सकाळीच तार आली व्हती. अण्णाची आई वारली, सेल्वीची आजी. गाडी दुसऱ्या दिशीची व्हती. अण्णा म्हणले, मालकाच्या घरी शुभकार्य हाय, कुणाला काय बोलू नका. पोरगी दिवसभर उशीत तोंड खुपसून पडलेली. अम्मा म्हणली, जरा जाऊन बसून ये, नायतर तेच विचारायला येत्याल. सुतक हाय, कशाला हात लावू नको म्हणली, हळद तर अजिबात लावून घिऊ नको. सारं तुमच्या पोरीच्या भल्यासाठी."

मला वाटलं, आई आता म्हणणार, सुतकातली पोर माझ्या मांडवात नाचली. आई सोवळ्याओवळ्याची कडक होती. मासिक पाळीत आम्हाला मडक्याला हात लावू द्यायची नाही. तिने डबा तसाच उघडा बाजूला सारला. मग म्हणाली, "एवढं दुख घेऊन पोरगी आली नि आपुन साधं इचारलं नाय. घरी सगली बरी हायेत का, एवढंच इचाराचं व्हतं." मांडवात मी काय बोलले ते आईच्या कानावर गेलेलं नव्हतं. शांताबाईंना ठाऊक होतं, त्या जवळच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि किल्ली डब्याशेजारी ठेवून गेल्या.

अण्णा दीड महिन्याने एकटेच आले. डोक्यावर नुकतेच केस उगवत होते. खोली सोडतो म्हणाले. वडील एकटे पडले, सेल्वी तिकडेच राहणार, अम्माही. आईसाठी त्यांनी घरच्या झाडाची चिंच आणली होती. मी पत्ता मागितला, तो त्यांनी इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून दिला. मी त्या पत्त्यावर पत्र पाठवलं. चार वेळा लिहून फाडलं, आणि पाचवं पाठवलं त्यात ताईच्या सासरचं होतं, निकालाचं होतं, दादाला गाण्यामुळे किती सुपाऱ्या मिळाल्या ते होतं. लिहायचं होतं ते एक वाक्य सोडून सगळं होतं.

तिचं उत्तर आलं, मराठीत. वेलांट्या चुकलेल्या. तिने लिहिलं होतं की इकडे ते गाणं आता कोणी लावत नाही, दर दिवाळीला नवीन पिक्चर येतात, हरेशदादाला सांग नवीन बसव. आजोबांना माझ्या हातची भाकरी आवडते, असंही होतं. आणि शेवटी, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरांत: मंगलताईचं सगळं बरं चाललंय ना? मला तिची काळजी वाटते. मी तिला हात नव्हता लावला.

मी ते पत्र घेऊन टाकीच्या स्लॅबवर जाऊन बसले आणि खूप रडले. उत्तर लिहायला बसले की ते बारीक अक्षरांतलं वाक्य डोळ्यांसमोर यायचं आणि माझा हात थांबायचा. नीट लिहू, सावकाश लिहू, असं करत वर्ष गेलं. माझं लग्न झालं, मी घणसोलीला आले. पत्र आईच्या ट्रंकेत राहिलं. पुढे चाळ पाडून पाच मजल्यांची इमारत उभी राहिली, त्या गडबडीत ती ट्रंक कुठे गेली ते आजवर कळलेलं नाही. मला जिल्ह्याचं नाव आठवतं, गावाचं आठवत नाही. ताईचं सगळं बरं चाललं आहे, सेल्वी. तिला दोन नातवंडं आहेत. हे मी तुला कळवलं नाही.

मला वाटलं होतं गाणं मरेल, म्हणजे आठवणही थोडी कमी होईल. ते मरेना. दुसऱ्या वर्षी दादाने सोडलं तर लोकांनी मागून घेतलं. बेंजोवाल्यांनी एकमेकांचं ऐकून उचललं, खाडीच्या पलीकडे गेलं. मग मोबाईल आले आणि रिंगटोन झालं. आमच्या मासळीवालीच्या पाटीतून ते वाजायचं. महाप्याच्या कंपन्यांच्या कार्यक्रमात वाजलं, सोसायट्यांच्या नवरात्रीत वाजलं. भाच्याने मला एकदा मोबाईलवर मूळ सिनेमातला नाच दाखवला. मी तीनदा लावायला सांगितला. त्यात ती टाळी नव्हतीच. तिथली बाई त्या जागेवर नुसती गिरकी घेते. आमच्याकडे मात्र सगळ्या पोरी वाकून टाळी देतात आणि तिला आमच्या गावावरून खैरण्याची स्टेप म्हणतात. त्या व्हिडिओखाली देशभरातल्या लोकांनी काय काय लिहिलेलं असतं, कितीतरी लिप्या. मी भाच्याला म्हटलं, यात सेल्वी नाव शोध. तो म्हणाला, आत्या, हजारो असतील. तरी मी दुपारी जेवण झालं की चष्मा लावून बघत बसते. सेल्वी आता माझ्याच वयाची असणार, जाड झाली असेल, तिला ओळखेन की नाही कुणास ठाऊक.

एक खोड मला तेव्हापासून लागली. घरातल्या कुठल्याही हळदीत कुणाला उठवायचं झालं की मी आधी विचारते, घरी सगळी बरी हायेत ना? मगच मनगट धरते. पोरं माझी नक्कल करतात. माझ्या आधी तेच ओरडतात, "घरी सगली बरी?" आणि हसतात. हसू देत.

यंदा दादाच्या मुलीची हळद झाली. मांडव इमारतीच्या पार्किंगमध्ये. दादा आता बेंजो वाजवत नाही, खुर्चीच्या हातावर बोटं वाजवतो. तिसऱ्या मजल्यावर महाप्याच्या आयटी कंपनीत कामाला असणाऱ्या तीन मुली भाड्याने राहतात, त्यातली एक आली होती. मौसमी नाव, बंगालकडची. कडेच्या खुर्चीवर मोबाईल घेऊन एकटीच बसली होती. गाणं सुरू झालं, पोरींचा गलका झाला, आणि नवरीची धाकटी बहीण हळदीचे हात घेऊन तिच्याकडे निघाली. मी तिला अडवलं. "थांब, मी जातंय." माझ्या हाताला हळद होतीच.

मी मौसमीसमोर उभी राहिले आणि माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "घर पे सब ठीक हैं ना?"

तिने मोबाईलवरून मान वर केली. तिला आश्चर्य वाटलं असावं. "हाँ आंटी, सब ठीक हैं," ती म्हणाली. मग मोबाईल मांडीवर ठेवून, "और आपके?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला उलटा कुणी विचारला नव्हता. सगळे हो म्हणतात आणि उठतात. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"एक का पता नहीं," मी म्हटलं.

"कौन?"

तेवढ्यात ती जागा आली. बाई थांबली, नुसता ताल राहिला, आणि समोरच्या सगळ्या पोरी घागरे सावरत वाकल्या आणि गुडघ्यापाशी टाळ्या दिल्या. मी त्यांच्याकडे बोट केलं. "सेल्वी," मी म्हटलं. "मेरी सहेली. ये जो सब कर रहे हैं ना, ये उसकी दादी का है. लेकिन ऐसा नहीं है. ये सब गलत कर रहे हैं."

"तो सही कैसे है?" तिने विचारलं, आणि आपलं मनगट माझ्यापुढे धरलं.

मी त्याला हळद लावली आणि तिला घेऊन मध्ये गेले. ताईच्या हळदीनंतर मी या गाण्यावर कधी नाचले नव्हते. दादाने मला पाहिलं आणि डीजेवाल्या पोराला हात केला, त्याने गाणं मागे नेलं. ती जागा परत आली. माझा डावा गुडघा दोन वर्षांपासून वाकत नाही, डॉक्टरने खाली बसायला मनाई केली आहे. मी कमरेतून वाकले, जेवढं जाता येईल तेवढं खाली गेले, आणि हात फरशीला टेकता टेकता टाळी दिली. मागून कुणीतरी म्हणालं, आत्या, पडशील. मी लगेच वर आले नाही. अजून एक दिली, आणि मग अजून एक.